जीप शिबिराला गेली आहे

निंबझरीचं आरोग्य केंद्र गावाबाहेर, गिरणा नदीच्या पात्राकडे उतरणाऱ्या वाटेवर होतं. इमारत नवीकोरी. उद्घाटनाला मंत्री आले होते, त्यांच्या नावाची फरशी दारापाशी बसवलेली होती. आत ऑपरेशनची खोली होती, टेबल होतं, टेबलावर मोठा दिवा टांगलेला होता. पण वीज दुपारी जायची ती दिवेलागणीला यायची, आणि ऑपरेशन करणारा डॉक्टर कधी नेमलाच गेला नाही. म्हणून त्या खोलीत डी.डी.टी.ची पोती रचून ठेवली होती. तापाच्या गोळ्या, खोकल्याचं लाल औषध असलं तर असायचं. नसलं की कंपाउंडर चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचा आणि माणसं ते भडगावच्या दुकानातून विकत आणायची.

पण केंद्राला एक जीप होती. पांढरी, दारावर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेली. कुणाला साप चावला, कुणाची बाई अडली, की लोक एकमेकांना धीर द्यायचे, केंद्रावर गाडी आहे ना. ती खरंच तिथे असते का, हे मात्र ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळायचं.

शहाऐंशी सालच्या मार्चात ही वेळ भागाबाईवर आली.

भागाबाई आणि तिचा नवरा उखर्डू यांची नदीकाठी थोडी जमीन होती. खाऊनपिऊन सुखी घर. उखर्डू अबोल, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. बोलायचं काम भागाबाईचं. त्यांची एकुलती मुलगी मंदा दोंडाईच्याला दिली होती. जावई वना तिथल्या मिरचीच्या बाजारात मापाडी होता. मंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दोंडाईच्याला उन्हाळाभर घराघरात मिरचीचा ठसका असतो, तिथे बाळ शिंकतच जन्माला आलं असतं, असं ती हसत हसत मैत्रिणींना सांगायची.

केंद्रावरची नर्स इंदिराबाई पाचोऱ्याकडची. वर्षानुवर्षं याच गावांतून पायी हिंडून तिची चप्पल आणि तब्येत दोन्ही झिजली होती. तिने मंदाला तपासलं तेव्हा बाळ पोटात आडवं होतं. तिने भागाबाईला बजावून सांगितलं, की हे बाळंतपण घरी करायचं नाही, झुंबरबाई दाईलाही हात लावू द्यायचा नाही. कळा सुरू झाल्या की केंद्रावर आणायचं, तिथून जीपने मोठ्या दवाखान्यात न्यायचं. केंद्राच्या डॉक्टरांना आणि सुपरवायझर नेरकरांनाही तिने सांगितलं, की या पंधरवड्यात जीप लांब पाठवू नका. डॉक्टर तरुण होते, वाईट नव्हते. ते म्हणाले, मार्च आहे बाई, जीप माझ्या हातात आहे का?

मार्च म्हणजे काय, हे त्या काळी आरोग्य खात्यात नोकरी केलेल्या माणसाला विचारावं. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनांचा ठरवून दिलेला आकडा मार्चअखेर पुरा करावा लागायचा. त्याला टार्गेट म्हणत, आणि एकेका बाईला म्हणत केस. डॉक्टर, नर्सा, सुपरवायझर, तलाठी, ग्रामसेवक, अगदी शाळामास्तरांच्याही माथी केसेस मारलेल्या असत. आकडा भरला नाही की पगार अडायचा. मग होळीच्या सुमारास बाकी सगळी कामं बंद. लहान मुलांच्या लसी थांबायच्या, खोकल्याच्या रोग्यांची तपासणी थांबायची, आणि जीप गावोगाव फिरून बायका गोळा करायची.

मंदाच्या कळा पहाटे सुरू झाल्या. उजाडताच भागाबाईने बैलगाडी जुंपायला लावली, गाडीत कडबा टाकून त्यावर गोधडी अंथरली आणि मुलीला केंद्रावर आणलं. इंदिराबाई दारातच उभी होती. तिचा चेहरा बघून भागाबाईला काय ते कळलं, तरी तिने विचारलं, "गाडी कोठे शे?"

"जीप शिबिराला गेली आहे," इंदिराबाई म्हणाली.

डॉक्टरही जीपबरोबर गेले होते. दुसरी नर्स आणि कंपाउंडरही. तालुक्याच्या गावी ऑपरेशनांचं मोठं शिबिर होतं. तालुक्याच्या दवाखान्यात पोट उघडून बाळ काढू शकणारे एकच सर्जन होते, आणि तेही त्याच शिबिरात सकाळपासून ऑपरेशनं करत उभे राहणार होते. म्हणजे गाडी नाही, डॉक्टर नाही, आणि गाडी मिळाली तरी जवळच्या दवाखान्यात नेऊन उपयोग नाही. केंद्राला टेलिफोन नव्हता. पोस्टातला होता, तो आठवडाभर बंद होता. भडगावची सकाळची एस.टी. निघून गेली होती.

उखर्डूने सरपंचाच्या पुतण्याला उठवलं आणि त्याच्या राजदूत मोटरसायकलवर मागे बसून शिबिराचं ठिकाण गाठलं.

शिबिर एका शाळेत होतं. वर्गातली बाकं बाहेर काढून व्हरांड्यात उलटी रचली होती. वर्गात फरशीवर सतरंज्या टाकून बायका ओळीने निजवल्या होत्या. कुणी ऑपरेशन होऊन पडलेल्या, कुणी वाट बघत बसलेल्या. म्हाताऱ्या सासवा नातवंडं कडेवर घेऊन दारांत उभ्या होत्या. अंगणात चार जीपगाड्या उभ्या होत्या. त्यात निंबझरीची होती, आणि तिच्या सावलीत ड्रायव्हर डबा खात बसला होता. उखर्डूला वाटलं, देव पावला.

ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी सांगितल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. साहेब म्हणजे केंद्राचे सुपरवायझर नेरकर. डॉक्टर आत हातमोजे घालून उभे होते, त्यांच्यापर्यंत उखर्डूला कुणी जाऊ दिलं नाही. नेरकर हातात कागद घेऊन या वर्गातून त्या वर्गात धावत होते. जिल्ह्याचे साहेब येणार होते, त्यांच्या चहाचीही व्यवस्था त्यांनाच बघायची होती. उखर्डूने हात जोडले. जन्मात तो कुठल्या साहेबाशी एवढं बोलला नव्हता. पोरीचं बाळ आडवं आहे, नर्सबाईनेच पाठवलंय, गाडी दिली तर दोन जीव वाचतील, असं त्याने जमेल तसं सांगितलं.

नेरकरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो, या बायकांना संध्याकाळी घरोघरी कोण सोडणार? ऑपरेशन झालेल्या बाईला चालवत पाठवू का? बाळंतपणं काय, होतच असतात. शेतात बायका बाळंत होतात आणि पोर पाटीत घालून घरी येतात. संध्याकाळी गाडी मोकळी झाली की पाठवतो."

उखर्डू तिथेच उभा राहिला. त्याला वाटत होतं, आपण इथून हललो नाही तर यांना कधीतरी दया येईल. नेरकर दोनदा त्याच्या शेजारून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी शिपायाला सांगून त्याला फाटकाबाहेर काढलं.

तो परत आला तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि बाळाचा हात बाहेर आला होता. इंदिराबाईने सलाईन लावलं होतं, केंद्रात होतं तेवढं. ते संपत आलं होतं. मंदा आता ओरडतही नव्हती. भागाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे रिकाम्या वाटेकडे बघितलं.

गावात मोहनलाल शेठचं किराण्याचं दुकान होतं. तो कापूसही घ्यायचा. हंगामाच्या शेवटचा कापूस भरून त्याचा टेम्पो दुपारी धुळ्याला जिनिंगच्या कारखान्यावर निघणार होता. शेठ सकाळपासून पारोळ्याला गेलेला. त्याची बायको चंद्रकांता बाळंतविडा द्यायचा म्हणून मंदाची चौकशी करायला केंद्रावर आली, आणि आतला प्रकार बघून तशीच मागे पळत गेली. नवऱ्याला विचारायला ती थांबली नाही. तिने हमालांना टेम्पोतला कापूस भर रस्त्यावर उतरवायला लावला. खाली एक थर तसाच राहू दिला, त्यावर स्वतःच्या घरची गादी घातली आणि ड्रायव्हरला म्हणाली, शेठ रागावले तर मी बघते, तू चल. ती स्वतःही चढून बसली. इंदिराबाई केंद्राला कुलूप लावून टेम्पोत बसली. केंद्र सोडून जायचा तिला हुकूम नव्हता.

पारोळ्यावरून हायवेला लागून धुळं गाठेपर्यंत उन्हं कलली होती. मोठा दवाखाना माणसांनी तुडुंब होता. एकेका खाटेवर दोन दोन बाळंतिणी, मधल्या वाटेवर जमिनीवर अंथरुणं. तरीही तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मंदाला बघितलं आणि पुढचं सगळं बाजूला सारून तिला टेबलावर घेतलं. रक्त पाहिजे होतं. उखर्डूचं जुळलं, टेम्पोच्या ड्रायव्हरचं जुळलं. दोघांनी दिलं.

बाळ केव्हाच गेलं होतं. मुलगा होता. गर्भाची पिशवी फाटली होती, ती काढून टाकावी लागली. मंदा वाचली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. त्यांनी भिंतीला पाठ टेकून भागाबाईला सगळं नीट समजावून सांगितलं. आता हिला मूल होणार नाही, हेही सांगितलं. भागाबाईने एकच विचारलं, लवकर आणलं असतं तर? त्या बाईंनी क्षणभर डोळे मिटले. खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, "सकाळी आणलं असतं तर दोघं वाचले असते. पिशवीही राहिली असती."

भागाबाई रडली नाही. ती व्हरांड्यात जाऊन बसली आणि चंद्रकांताने आणलेला चहा तिने पुढ्यात तसाच गार होऊ दिला. तिला राग आला होता, पण कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. ज्या डॉक्टरिणीने मुलगी वाचवली तिच्यावर? इंदिराबाईवर, जी काल रात्रीपासून उपाशी होती? गाडी होती. पेट्रोल होतं. ड्रायव्हर होता, तोही सावलीत बसून डबा खात होता. सगळं होतं आणि तिच्या मुलीसाठी काही नव्हतं.

मंदाला घरी आणलं ते होळीच्या आठवडाभर आधी. ती भिंतीकडे तोंड करून निजायची. दूध यायचं, ते दाबून काढताना ती दात आवळून धरायची. दोंडाईच्याहून वना येऊन गेला, दिवसभर ओट्यावर बसून राहिला. त्याच्या आईने मात्र निरोप पाठवला होता, की मुलगी आता माहेरीच राहू द्या, पुढचं पुढे बघू. पुढचं म्हणजे काय, ते गावात सगळ्यांना समजलं.

आणि एका दुपारी नेरकर सुपरवायझर आपल्या लूनावर भागाबाईच्या दारात आले.

ते ओट्यावर टेकले. टोपी काढून घाम पुसला. झालं ते फार वाईट झालं, म्हणाले. शिबिराच्या धांदलीत आपल्याला काही सुचत नव्हतं, म्हणाले. भागाबाई उंबऱ्यात उभी होती. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. मग नेरकरांनी पिशवीतून एक छापील कागद आणि शाईचा पॅड काढला, आणि आवाज खाली आणून बोलायला लागले.

"अक्का, आता ऑपरेशन तर झालंच आहे. पिशवीच काढली, म्हणजे पुढे मूल होण्याचा प्रश्न नाही. आपल्या केंद्राचं टार्गेट अजून पुरं होत नाही. मंदाताईंचा अंगठा दिलात तर तेवढी एक केस धरता येईल. सरकारी मदत मिळते, तीही तुम्हाला मिळेल. तुमचं काही जात नाही."

भागाबाईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने त्यांना पुन्हा सांगायला लावलं. नेरकरांनी पुन्हा सांगितलं, तेच, तसंच, लहान मुलाला समजावावं तसं. मग ते स्वतःच्या अडचणींवर आले. दोन महिन्यांचा पगार अडलाय, घरी आईचं आजारपण आहे, वरचे साहेब सभेत सगळ्यांसमोर उभं करून बोलतात, असं ते सांगत गेले. ते खोटं नव्हतं. पण ज्या मुलीकडून ते अंगठा मागत होते, ती आत भिंतीपलीकडे निजली होती आणि शब्दन् शब्द ऐकत होती.

आतूनच मंदा बोलली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज घरात ऐकू आला. "माय, त्यास्ले सांग. मनं नाव घेवानं नही."

भागाबाईने शाईचा पॅड मिटून नेरकरांच्या हातात दिला. "मनी पोर मरी राहिनी होती तव्हय ती तुमनी केस नव्हती," ती म्हणाली. "आते केस व्हयनी का?"

नेरकर उठले. टोपी ओट्यावर विसरले, ती घ्यायलाही वळले नाहीत.

त्या संध्याकाळी भागाबाई घरोघरी गेली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अजून एक शिबिर होतं, आणि निंबझरीतल्या बऱ्याच बायकांची नावं त्यासाठी घेतलेली होती. तिने कुणाला भाषण दिलं नाही. नेरकर काय मागायला आले होते तेवढं सांगितलं. ऐकणाऱ्या बाईच्या हातातलं काम थांबायचं. ज्या घरात हे सांगून ती निघायची, त्या घरातली बाई तिच्याबरोबर पुढच्या घरी यायची. झुंबरबाई दाई तर काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. हात लावू नको म्हटल्यावर ती मंदाजवळ फिरकली नव्हती, आणि तरीही असं झालं, याचा तिला सगळ्यांत जास्त संताप होता.

ठरलं ते असं, की जीप न्यायला आली तरी कुणी तिच्यात चढायचं नाही. सरकारला आपल्याकडून एवढी एकच गोष्ट पाहिजे असते, तीच द्यायची नाही. आधी गाडी केंद्रावर ठेवा, मग आम्हाला बोलवा.

अडचण ताईबाईची होती. ताईबाईला पाच मुलं होती. पाचव्या वेळी ती मरता मरता वाचली होती. मोठ्या मिनतवारीने तिने नवऱ्याला ऑपरेशनला तयार केलं होतं, आणि तिला ते मनापासून करून घ्यायचं होतं. ती म्हणाली, "मी बी चढनार नही. पण मधमा मना पाय जड व्हयना तं?"

मधेच दिवस गेले तर काय करायचं, ते भागाबाईलाही माहीत नव्हतं. ती तसं म्हणाली. तू जा, तुला कुणी नाव ठेवणार नाही, असंही म्हणाली. ताईबाई चुलीवरचं भाजीचं पातेलं उतरवून उठली. जायचं तर सगळ्यांनी जायचं, नाहीतर कुणी नाही, एवढंच बोलली.

शिबिराच्या दिवशी जीप गावात आली आणि मारुतीच्या पारापाशी थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बायका आल्या, नेहमीपेक्षा जास्तच आल्या. पण गाडीत चढायच्या ऐवजी त्या गाडीपुढे बसल्या, मग मागे बसल्या. नेरकर खाली उतरले. त्यांना वाटलं गाडीत जागा कमी पडेल म्हणून भांडण आहे. दोन फेऱ्या करू, म्हणाले. कुणी हललं नाही. मग त्यांना समजलं. आधी विनवण्या झाल्या, मग पोलिसांची धमकी झाली. ग्रामसेवक आला, मास्तर आले, त्यांच्याही केसेस यातच होत्या. मास्तरांची स्वतःची बायको बायकांत बसलेली दिसली तेव्हा ते परत फिरले.

चंद्रकांताने दुकानातून पाण्याचे हंडे पाठवले. मोहनलाल शेठला हे पसंत नव्हतं, सरकारशी वैर नको असं तो म्हणत होता. पण कापूस रस्त्यावर उतरवल्याच्या दिवसापासून घरात त्याचं फारसं चालत नव्हतं.

दुपारनंतर जिल्ह्याचे साहेब स्वतःच्या गाडीतून आले. वयस्क, थकलेले, उन्हाने लाल झालेले. त्यांच्या मागे केंद्राचे डॉक्टर मान खाली घालून उभे होते. साहेबांनी आरडाओरडा केला नाही. पारावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग आपली बाजू सांगितली. एवढ्या गावांना ही एकच गाडी. शेजारच्या केंद्राची गाडी टायर नाहीत म्हणून विटांवर उभी आहे. औषधं मागितली त्याच्या निम्मीसुद्धा येत नाहीत. डॉक्टरांच्या जागा भरत नाहीत, भरल्या तर माणसं टिकत नाहीत. पेट्रोलचा कोटा वर्ष संपायच्या आत संपतो. बाळंतिणींसाठी रोज गाडी उभी ठेवायची तर पेट्रोल आणायचं कुठून?

ते जे बोलले त्यातलं काहीही खोटं नव्हतं. मग भागाबाईने बसल्या जागेवरून विचारलं, "साहेब, शिबिरले पेट्रोल कोठून येस?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं.

"पाऊसमा पोऱ्यास्ले हगवण लागनी, तव्हय गाडी नव्हती," भागाबाई म्हणाली. "मनी पोर अडनी, तव्हय पेट्रोल नव्हतं. आमले कापाले नेवानं व्हयनं, का गाडी दारमा येस. तुमले आमनं पोट दिसस. आमना जीव नही दिसस."

ती ओरडली नव्हती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. या बाईला कुणी शिकवलं, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर काही बोलायच्या आत इंदिराबाई पुढे आली. तिला बोलायची गरज नव्हती. ती म्हणाली, "कुणी शिकवलं नाही साहेब. बाळ आडवं आहे, गाडी ठेवा, असं मीच आधी सांगितलं होतं. डॉक्टरांना सांगितलं होतं, नेरकरांनाही सांगितलं होतं."

साहेबांनी तिचं नाव विचारून घेतलं.

ऊन उतरेपर्यंत बोलणी चालली. शेवटी साहेबांनी कबूल केलं, की जीप केंद्रावरच राहील आणि अडलेल्या बाईसाठी, सापाच्या पेशंटसाठी आधी वापरली जाईल. शिबिराला दुसरीकडून गाडी येईल. हे सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा, असा झुंबरबाईने हट्ट धरला, तेव्हा त्यांनी उभं राहून तेही म्हटलं. बायका उठल्या. पण त्या दिवशी शिबिराला कुणी गेलं नाही. निंबझरी केंद्राचं त्या वर्षीचं टार्गेट अपुरं राहिलं.

जीप खरोखर राहिली. एप्रिलात तिने पलीकडच्या वस्तीवरची एक बाळंतीण वेळेवर पोचवली, आणि आई-मूल दोन्ही घरी आली. ड्रायव्हर कुरकुरायचा, पण न्यायचा. ताईबाई पावसाळ्याच्या तोंडाशी झालेल्या शिबिरात ऑपरेशन करून आली. त्या मधल्या दिवसांत तिला झोप नव्हती, हे तिने नंतर भागाबाईला सांगितलं. ऑपरेशनच्या खोलीतली डी.डी.टी.ची पोती मात्र तिथेच राहिली. तिथे डॉक्टर काही आला नाही.

वना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आला. गावातल्या माहेरवाशिणी झोक्यावर होत्या, गाणी चालली होती, मंदा घरातच होती. त्याने उखर्डूला सांगितलं की मी हिला न्यायला आलोय. भागाबाईने त्याला विचारलं, तुझ्या आईचं काय? तो म्हणाला, ती बोलेल, मी ऐकेन, पण दुसरी बायको आणणार नाही. मंदाने लगेच हो म्हटलं नाही. चार दिवस तिने त्याला ठेवून घेतलं, त्याच्याशी बोलली, न बोलली, आणि मग आपली पेटी भरली. ती सुखाने नांदली असं म्हणवत नाही. सासूने तिला आयुष्यभर टोचलं. पण वनाने शब्द पाळला.

शिक्षा झाली ती इंदिराबाईला. नेरकरांचा अडलेला पगार निघाला, डॉक्टरांनी शहराकडे बदली मागून घेतली, ती मिळाली. इंदिराबाईवर हुकूम मोडून केंद्र बंद करून गेल्याचा ठपका आला. ज्या दिवशी ती मंदाबरोबर टेम्पोत बसली होती, त्याच दिवसाबद्दल. पगारवाढ थांबली आणि बदली झाली ती सातपुड्याच्या पायथ्याला, चोपड्याच्याही पुढे, जिथे पावसाळ्यात एस.टी. जात नव्हती. बायका जिल्ह्याला गेल्या. कचेरीत दिवसभर बसल्या. साहेब दौऱ्यावर आहेत, असं त्यांना सांगण्यात आलं. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हाही साहेब दौऱ्यावरच होते.

जायच्या दिवशी भागाबाई तिला स्टँडवर पोचवायला गेली. इंदिराबाईचं सामान थोडंच होतं, एक ट्रंक आणि एक वळकटी. ती म्हणाली, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, माझी नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत. मग म्हणाली, तिकडे जीपच नाही हो. दवाखाना म्हणजे एक खोली आहे म्हणतात, तिचंही छप्पर गळतं.

भागाबाईचा चेहरा रागाने तांबडा झाला होता. "तठे बाया शेतस ना?" तिने विचारलं.

"तिकडेही बायका आहेत की," इंदिराबाई म्हणाली.

"मंग त्यास्ले सांगजो. आठे काय व्हयनं ते बठ्ठं सांगजो."

सगळं सांगेन, असं इंदिराबाई म्हणाली तोवर एस.टी. आली. भागाबाईने ट्रंक उचलून आत सरकवून दिली आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभी राहिली.